बेगमी

फहाहीलच्या खोलीतून अहमदीची मशाल दिसते.
तेलाबरोबर वर येणारा, कुणालाच नको असलेला वायू
रात्रभर जळत असतो तिथे.
शुऐबाच्या आमच्या प्रयोगशाळेत तोच वायू
नळीतून येतो, मोजूनमापून,
साडेसातशे अंशांच्या भट्टीत शिरतो
आणि जळत नाही,
जळायला तिथे हवाच ठेवलेली नसते.
तो फक्त सोडून देतो
आपल्यातलं काळं.

भट्टी निवली की उघडतो.
लोखंडाच्या कणांवर रान उगवलेलं असतं,
नखाएवढं, मखमली, ताठ उभं.
केसाचे पन्नास हजार उभे काप करा,
त्यातला एक काप, तोही आतून पोकळ,
असं एकेक झाड.
शिंकलं तर उडून जाईल सगळं.

मास्क नीट लाव, परकार, डॉ. दलाल म्हणतात.
दलाल हे इथे बाईचं नाव असतं, लाडाकोडाचं.
पहिले सहा महिने त्यांना हाक मारताना मला
आंब्याच्या पेट्या आठवायच्या
आणि पाडलेला भाव.

कोळसा उगाळावा तितका काळाच,
नववीत या म्हणीचा मी कल्पनाविस्तार केला होता,
वाईट माणसांवर, दीड पान.
आता पगार घेऊन उगाळतो,
काळा निघावा म्हणूनच.
कारण यातला एक ग्रॅम उलगडता आला
तर हर्णैच्या बंदरावरचं निम्मं वाळवण झाकेल,
आणि तेवढ्या सगळ्या अंगावर
वीज येऊन बसते
सुकटीवर माशी बसावी तशी.
मुरत नाही, रुजत नाही.
हाकललं की उठते.

मैमूनाला फोनवर सांगितलं,
ऊन साठवायचं काम आहे,
दिवसाचं रात्रीला पुरवायचं.
ती म्हणाली, मग त्यात नवीन काय,
आम्ही बोंबलात साठवतो.
मागे कुणीतरी हसलं. मीही.

पण ऑगस्टात गच्चीवर सेल ठेवायला गेलो,
बावन्न अंश, पत्र्याला हात लावायची सोय नाही,
तेव्हा तिचंच वाक्य डोक्यात.
वाळवण म्हणजे परतवणंसुद्धा.
कधी उलटायचं, कधी उचलायचं,
दव पडायच्या आत.

पहिल्या वर्षी चार हजार फेऱ्यांत
पिशवी फुगली, तव्यावरच्या भाकरीसारखी.
दुसऱ्या वर्षी द्रावण बदललं, फुगली नाही,
गळली.
यंदा दहा हजार वेळा भरली, दहा हजार वेळा रिती केली,
शिल्लक अठ्ठ्याऐंशी टक्के.
रोवेनाने केक आणला फिलिपिनो बेकरीतून,
जांभळा, कंदाचा.
प्रगती म्हणजे एवढंच असतं बहुतेक वेळा,
एकाहत्तरचे अठ्ठ्याऐंशी,
आणि जांभळा केक.

त्याच आठवड्यात रजेचा अर्ज भरताना
तारखेच्या रकान्यात मी फेरीचा क्रमांक लिहिला.
डॉ. दलाल यांनी न बघता सही केली.
मग बघितलं.
काही बोलल्या नाहीत,
पन्नास दिवसांचे साठ केले.

वीज गेली ती त्यानंतर,
सगळं शहर थंड राहू पाहत होतं, म्हणून.
थंडगार खोलीत आधी शांतता आली,
मग उकाडा.
डॉ. दलाल म्हणाल्या, जोड.
सहा सेल, एक दिवा, एक छोटा पंखा,
नखांत काळं घेऊन आम्ही तिघं
पंख्यासमोर तोंडं नेऊन उभे,
जत्रेतल्या पोरांसारखे.

अकरा मिनिटं.
पंखा नवव्यालाच कुरकुरला होता,
म्हणून डॉ. दलाल म्हणाल्या, नऊ लिही.
रोवेना म्हणाली, अकरा.
तोवर दिवाही गेला
आणि वही कुठे ठेवली ते दिसेना.
मी पडदा सारला.
मशाल होतीच,
तिच्या उजेडात लिहिलं,
नऊ.